दारिद्र्य, गुन्हा आणि कॉलेजचें गांव

दारिद्र्य आणि गुन्हा यांचा संबंध काय, हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचीं दोन ठरीव उत्तरेंही तितकींच जुनीं आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, भूक हेंच पापाचें मूळ. पोट भरलें म्हणजे चोरी आपोआप थांबेल. दुसरा पक्ष म्हणतो कीं, दरिद्री माणसें लक्षावधि आहेत, तीं सारीं कोठें चोऱ्या करतात? तेव्हां चोरी ही स्वभावाची गोष्ट, खिशाची नव्हे. पहिल्या पक्षाच्या बोलण्यांत दया असते, पण त्या दयेच्या पोटांत गरिबांविषयीं अविश्वास दडलेला असतो. भुकेला मनुष्य चोर होणारच, असें तो पक्ष धरून चालतो. दुसऱ्या पक्षाच्या बोलण्यांत गरिबांचा मान राखलेला दिसतो. पण तो मान एकदां राखला कीं त्यांच्यासाठीं आणखी कांहीं करण्याची गरज उरत नाहीं. आम्हांस दोन्ही उत्तरें अपुरीं वाटतात. मोठ्या शहराच्या गर्दींत त्यांचें अपुरेपण सहसा लक्षांत येत नाहीं. लहान गांवीं, आणि त्यांतही जेथें एखादें कॉलेज आहे अशा गांवीं, तें पुष्कळ स्पष्ट दिसतें. म्हणून आज आम्ही वाचकांस तशाच एका गांवीं घेऊन जाणार आहोंत.

हें गांव कोणतें तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. महाराष्ट्रांत अशीं गांवें आतां पुष्कळ झालीं आहेत. एके काळीं कॉलेज म्हटलें कीं मुंबई-पुण्याकडे बोट दाखवावें लागे. पुढें तीं हळूहळू जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणीं निघूं लागलीं. रयत शिक्षण संस्थेनें १९४७ सालीं साताऱ्यास आणि १९५४ सालीं कऱ्हाडास कॉलेज काढलें. १९८३ नंतर सरकारनें विनाअनुदान तत्त्वावर तांत्रिक कॉलेजांस परवानगी दिली, तेव्हां तर माळामाळांवर इमारती उठल्या. आमच्या मनांतलें गांव यांपैकींच एक. खालीं नदी, नदीकांठीं जुनी पेठ, पेठेच्या वर एस. टी. चें स्थानक, आणि त्याच्याही वर, पूर्वीं जेथें गुरें चरत त्या माळावर, कॉलेज व त्याचें वसतिगृह. कॉलेज आलें तेव्हां आपला भाग्योदय झाला असें गांवास वाटलें, आणि ती समजूत अगदींच खोटी ठरली असें नाहीं. ज्यांची माळावर जमीन होती त्यांनीं ती विकली किंवा तीवर खोल्या बांधल्या. पेठेंतल्या दुकानदारांचा गल्ला वाढला. ज्या मुलींचें शिक्षण एरव्हीं सातवींतच संपलें असतें, त्यांतल्या कित्येक पदवीधर झाल्या.

पण ज्यांची जमीन नव्हती आणि दुकानही नव्हतें, त्यांच्या वांट्यास कॉलेज निराळ्या रूपानें आलें. त्यांच्या बायका खानावळींत पोळ्या लाटूं लागल्या, पोरें ताटें उचलूं व भांडीं घासूं लागलीं, पुरुष रिक्षा चालवूं लागले किंवा रात्रीं फाटकापाशीं काठी घेऊन बसूं लागले. जी खोली पूर्वीं थोडक्या भाड्यानें मिळे तीच चार विद्यार्थ्यांस दिल्यास कितीतरी अधिक पैसे येतात, हें घरमालकास कळलें. तेव्हां हे लोक पेठेंतून उठून नदीच्या पुराच्या पट्ट्यांत पत्र्याच्या आडोशाला जाऊन राहिले. शिवाय त्यांची कमाई कॉलेजच्या पंचांगावर चालते. दिवाळीची सुटी लागली कीं खानावळ बंद. परीक्षा आटोपून मुलें आपापल्या गांवीं गेलीं कीं पुन्हां कॉलेज उघडेपर्यंत चूल कशावर पेटवावी हा प्रश्न. ज्या दिवसांत वसतिगृहाच्या खोल्या कुलुपें लावून ओस पडलेल्या असतात, नेमके त्याच दिवसांत, त्या खोल्यांच्या वाटा ज्यांस तोंडपाठ आहेत त्यांच्या घरांत दाणा नसतो. हें कोणीं ठरवून केलेलें नाहीं. पण तें कोणीं ध्यानांतही घेतलेलें नाहीं.

येथें आम्हांस एक घटना सांगितली पाहिजे. तीवांचून पुढील विवेचन केवळ पुस्तकी ठरेल. तींत आमचाही हात असल्यामुळें ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कांहीं वर्षें अशाच एका गांवच्या वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. एप्रिलच्या अखेरीस, परीक्षा संपत आल्या असतां, एका विद्यार्थ्याची नवी सायकल व्हरांड्यांतून नाहींशी झाली. चौकीवरून शिपाई आला व त्यानें आम्हांस विचारलें, "तुमचा कोणावर वहीम आहे काय?" आम्हीं खानावळींत वाढण्याचें काम करणाऱ्या एका पोराचें नांव सांगितलें. पोर म्हणावयाचें, पण वय विसाच्या आसपास असेल. त्याचें नांव आमच्या तोंडीं कां आलें? त्यानें पूर्वीं कधीं कांहीं उचललें होतें म्हणून नव्हे. दोनच दिवसांपूर्वीं तो आमच्याकडे आला होता. सुटींत काम नसतें, घरीं आई आजारी आहे, पुढच्या पगारांतून कांहीं पैसे आगाऊ मिळतील काय, असें त्यानें विचारलें होतें, आणि आम्हीं नाहीं म्हटलें होतें. त्याला गरज आहे एवढेंच काय तें आम्हांस ठाऊक होतें. आणि ती गरजच आम्हीं त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढें केली.

त्यास रात्रभर चौकीवर बसवून ठेवलें. तेथें काय झालें तें आम्हीं विचारलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सायकल सांपडली. दुसऱ्याच एका विद्यार्थ्यानें ती न विचारतां नेली होती व शेजारच्या गांवीं मित्राकडे ठेवली होती. मालकाची थोडी गंमत करावी एवढाच आपला हेतु होता, असें तो म्हणाला. तें खरेंही असेल. मुलगा सुखवस्तु घरचा, त्याचा शेवटचा पेपर दुसऱ्या दिवशीं; आम्हीं त्यास खोलींत बोलावून चार शब्द सुनावले, माफीचा कागद लिहून घेतला आणि प्रकरण मिटविलें. खानावळवाल्यानें मात्र त्या पोरास पुन्हां कामावर घेतलें नाहीं. "चोर नसेलही, पण चौकीवर जाऊन आलेला आहे," एवढेंच तो म्हणाला. यानंतर आणखी एक गोष्ट घडली. ती आम्ही शेवटीं सांगूं.

आतां विद्वानांनीं या विषयाचा शोध कसा केला आहे तें पाहूं. गुन्ह्यांचे आंकडे दर वर्षीं छापून काढण्याचा उपक्रम फ्रान्सच्या न्यायखात्यानें १८२७ सालीं सुरू केला. त्या आंकड्यांवरून गेरी नांवाच्या वकिलानें १८३३ सालीं नकाशे तयार केले. देशाच्या दरिद्री भागांत चोऱ्या अधिक दिसतील अशी सर्वांची अटकळ होती. पण नकाशांत निराळेंच दिसलें. मध्य फ्रान्समधील क्रूझसारखा गरीब प्रांत चोऱ्यांच्या बाबतींत अगदीं खालीं, आणि उत्तरेकडील उद्योगी व संपन्न प्रांत वर. बेल्जममधील ज्योतिषी क्वेतले यानेंही १८३५ सालच्या आपल्या ग्रंथांत असाच निष्कर्ष काढला. मनुष्य केवळ गरीब आहे म्हणून गुन्ह्याकडे वळत नाहीं. बऱ्या स्थितींतून हलाखींत एकाएकीं पडणें, आणि एकाच ठिकाणीं संपत्ति व कंगाली शेजारीं शेजारीं असणें, हें अधिक घातक, असें त्याचें म्हणणें. उलट पक्षीं, जर्मनींत मायर यानें १८६७ सालीं बव्हेरियाच्या १८३५ ते १८६१ पर्यंतच्या आंकड्यांवरून असें दाखविलें कीं, धान्याचा भाव एका लहान नाण्यानें चढला कीं दर लाख वस्तीमागें चोरीचा एकेक गुन्हा वाढत असे. वरवर पाहतां या दोन शोधांत विरोध दिसतो, पण तो खरा नव्हे. क्रूझचा शेतकरी गरीब होता, तरी काल होता तितकाच आज होता, आणि त्याचा शेजारीही तसाच होता. बव्हेरियाच्या मजुराच्या हातांतली भाकर मात्र कालच्यापेक्षां आज लहान झाली होती. पहिला गरिबींत राहत होता. दुसरा तींत नुकता ढकलला गेला होता.

आपल्या इकडील इतिहासही हेंच सांगतो. दख्खनचा शेतकरी सुखी असा कधींच नव्हता, तरी तो शतकानुशतकें सावकाराच्या दाराशीं मुकाट्यानें बसत आला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाचा भाव चढला, त्यास कर्ज सहज मिळूं लागलें. १८६५ सालीं युद्ध संपतांच भाव कोसळला, सावकारानें हात आखडला, त्यांतच सरकारचा सारा वाढला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं जमलेल्या लोकांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला, आणि तेथून ही आग पुणें व नगर या जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरली. कायद्याच्या दृष्टीनें हा गुन्हा होता, यांत शंका नाहीं. पण त्या लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर व वह्यांवर होता. त्या हस्तगत कराव्या व जाळाव्या, यासाठीं ती सारी धडपड. सरकारलाही चौकशीसाठीं कमिशन बसवावें लागलें आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. ज्या राज्यानें त्या लोकांस तुरुंगांत घातलें त्याच राज्यानें चार वर्षांनीं त्यांची तक्रार बव्हंशीं खरी होती असें कबूल केलें.

यावरून आमच्या गांवाकडे पाहण्याची एक दृष्टि मिळते. तेथें गरिबी सर्वत्र सारखी नाहीं. ती दोन जातींची आहे. वसतिगृहांतले कितीतरी विद्यार्थी खरोखरच गरीब असतात. बाप कोरडवाहू शेतकरी, महिन्याचा पैसा वेळेवर येत नाहीं, एकाच्या डब्यांत दोघे जेवतात. रोख रकमेचा हिशेब केला तर या मुलांत आणि त्यांच्यापुढें ताट ठेवणाऱ्या पोरांत फारसें अंतर निघणार नाहीं. तथापि दोघांच्या गरिबींत जमीनअस्मानाचा फरक आहे. विद्यार्थ्याची गरिबी ही एक यात्रा आहे. ती कोठें तरी संपणार आहे असें त्यास वाटतें, आणि गांवासही वाटतें. म्हणून वाणी त्यास उधार देतो, खानावळवाला महिनाभर थांबतो. वाढणाऱ्या पोराची गरिबी हा मुक्काम आहे. त्यास कोणी उधार देत नाहीं, कारण त्याच्या उद्यांवर कोणाचाच विश्वास नाहीं.

हा भेद केवळ आमच्याच देशांतला आहे असें नव्हे. अमेरिकेंत ओहायो राज्यांत अथेन्स नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील विद्यापीठ १८०४ सालीं स्थापन झालें. २०१० च्या सुमारास तेथील सरकारी आंकड्यांप्रमाणें या गांवचे निम्म्याच्या आसपास लोक दरिद्री ठरत. एवढ्या थोर विद्यापीठाचें गांव इतकें कंगाल कसें, असा प्रश्न कोणासही पडेल. खुलासा असा कीं, दारिद्र्य मोजतांना वसतिगृहांतले विद्यार्थी धरीत नाहींत, पण गांवांत खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी धरतात. आणि त्यांस स्वतःचें उत्पन्न फारसें नसल्यामुळें त्यांतले पुष्कळ दरिद्री ठरतात. असे विद्यार्थी वगळून हिशेब केला असतां अशा गांवांचें दारिद्र्य एकदम कमी दिसूं लागतें, असें तेथील जनगणना खात्यानें २०१३ सालीं दाखवून दिलें. मग उरतें तें खरें दारिद्र्य, कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या त्या डोंगराळ मुलखांतल्या लोकांचें. आणि तें विद्यार्थ्यांच्या मोठ्या आंकड्याखालीं झांकलेलें असतें. खिसा रिकामा असणें एक, आणि दार बंद असणें एक. गुन्ह्याशीं कशाचा संबंध असेल तर तो दुसऱ्याचा, असें आमचें मत आहे.

परंतु एवढ्यानेंही प्रश्न संपत नाहीं. गरिबांच्या हातून गुन्हे अधिक घडतात असें आपण म्हणतों, तेव्हां गुन्हा कशास म्हणावयाचें हें आधींच कोणी ठरविलेलें असतें. एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९३९ सालीं फिलाडेल्फिया येथें आपल्या सहकाऱ्यांपुढें हाच मुद्दा मांडला. दारिद्र्यांतून गुन्हा निपजतो असें सांगणारे पंडित तुरुंगांतल्या लोकांकडे पाहून बोलतात. पण हिशेबांत लबाडी करणारे व्यापारी व अधिकारी तुरुंगांत जातच नाहींत, म्हणून ते त्या हिशेबांतही येत नाहींत. आमच्या कॉलेजच्या गांवास हें तंतोतंत लागू पडतें. प्रवेशासाठीं पावतीवांचून देणगी घेण्यास महाराष्ट्रांत १९८७ च्या कायद्यानें बंदी आहे. पण अशी देणगी घेतल्याचा बोभाटा झाला म्हणून कोणास रात्रभर चौकीवर बसविल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

कायद्यानेंही कित्येक वर्षें हा भेद उघडपणें केला. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें अमुक जातींत जन्मलेला तो गुन्हेगार, असें ठरविलें. १९११ नंतर हा अंमल मुंबई इलाख्यांतही आला आणि सोलापुरास तारेच्या कुंपणाआड माणसांच्या वसाहती झाल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण गांवाबाहेरच्या पालांकडे पाहण्याची पोलिसांची व आमची नजर अद्यापि रद्द झालेली नाहीं. १८९८ च्या फौजदारी व्यवहार संहितेच्या १०९ व्या कलमाप्रमाणें, ज्यास उदरनिर्वाहाचें उघड साधन नाहीं अशा मनुष्याकडून चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन मागतां येत असे. म्हणजे ज्याच्याजवळ कांहीं नाहीं त्यानें, आपल्याजवळ कांहीं नाहीं या कारणासाठींच, तारण आणावें! १९७३ च्या संहितेंतून हें कारण वगळण्यांत आलें. तरी जामिनाची अडचण उरलीच. १९७९ सालीं हुसैनारा खातून हिच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयापुढें असें आलें कीं, बिहारच्या तुरुंगांतील कित्येक कैदी खटला उभा राहण्यापूर्वींच, त्या गुन्ह्यास जास्तींत जास्त जितकी शिक्षा होऊं शकली असती तीहून अधिक काळ आंत होते. २०२२ च्या अखेरीसही देशांतील तुरुंगांत दर १०० बंद्यांपैकीं ७५ हून अधिक बंदी ज्यांचा खटला संपलेला नाहीं असेच होते. त्या सर्वांस दारिद्र्यानेंच तेथें नेलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यास जामीनदार मिळतो तो बाहेर जातो व ज्यास मिळत नाहीं तो आंत राहतो, हें उघड आहे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. कोणी म्हणेल, "तुम्ही चोराची वकिली करीत आहां. चोरी झाली ती झाली. जिचे पैसे गेले तिनें काय करावें?" आम्ही या आक्षेपापुढें मान लववितों. पुराच्या पट्ट्यांतल्या पत्र्याच्या घरास कडी धड नसते. भाजी विकणाऱ्या बाईचा दिवसाचा गल्ला, पोळ्या लाटणारीचें मणिमंगळसूत्र, हींच आधीं जातात. गरीब चोर श्रीमंताच्या तिजोरीपर्यंत क्वचितच पोंचतो. चोरीस जो हंसून सोडतो तो बहुतकरून दुसऱ्या गरिबाचें नुकसान हंसून सोडतो. शिवाय त्याच वस्तींत, त्याच भुकेंत, दुसऱ्याच्या काडीसही हात न लावणारीं माणसें आयुष्य काढतात. "गरिबीमुळें माणूस चोर होतो" असें म्हणणें हा त्या प्रत्येकाचा अपमान आहे. तेव्हां गरिबी ही चोरीची क्षमा नव्हे. ती फार तर दोषाची वांटणी करते. चोराच्या अंगचा दोष ती नाहींसा करीत नाहीं, पण आमच्या अंगचा दोष ती उघड करते.

आपल्या प्राचीनांनीं या वांटणीचा विचार केला होता. महाभारताच्या शांतिपर्वांत विश्वामित्राची कथा आहे. बारा वर्षांच्या अवर्षणांत उपाशी मरूं लागलेला तो ऋषि चांडाळाच्या झोंपडींतून कुत्र्याच्या मांसाची चोरी करावयास जातो, आणि जीव आधीं, मग धर्म, असें त्या चांडाळास ऐकवितो. कथाकारानें ऋषीस दोष दिला नाहीं. तथापि ज्याच्या झोंपडींत चोरी होत होती तोही दुष्काळांतच दिवस काढीत होता, हें विसरून चालणार नाहीं. त्याच पर्वांत लिखिताची कथा आहे. त्यानें आपला भाऊ शंख याच्या आश्रमांतलीं फळें न विचारतां खाल्लीं. भावानें त्यास खोलींत बोलावून चार शब्द सुनावले नाहींत. ही चोरी आहे, राजाकडे जाऊन शिक्षा घे, असें सांगितलें, आणि लिखितानें सुद्युम्न राजाकडे जाऊन आपले हात तोडून घेतले. ती शिक्षा आजच्या मनास मानवणार नाहीं. परंतु भावाच्या चोरीस दुसरें नांव द्यावयाचें नाहीं, हा शंखाचा धडा आजही जुना झालेला नाहीं.

मनुस्मृतींत तर या प्रश्नाचीं दोन्ही टोंकें सांपडतात. वाटेंत शिधा संपलेल्या प्रवाशानें दुसऱ्याच्या शेतांतले दोन ऊंस व दोन मुळे घेतले तर त्यास दंड नाहीं, असें तींत म्हटलें आहे. पण ही सवलत स्मृतिकारानें द्विजापुरतीच ठेविली. आमच्या वसतिगृहांतली क्षमा हुबेहूब याच जातीची होती. उलट, चोरीच्या पापाची प्रत ठरवितांना तीच स्मृति सांगते कीं, शूद्रास तें आठपट, वैश्यास सोळापट, क्षत्रियास बत्तीसपट, आणि ब्राह्मणास चौसष्ट, शंभर किंवा एकशें अठ्ठावीसपट; कारण गुणदोष काय तें तो जाणतो. जन्माची उतरंड सोडून द्या, ती टाकूनच दिली पाहिजे. पण ज्यास अधिक कळतें त्याचा दोष अधिक, हें तत्त्व विद्येच्या गांवानें तरी मानावयास नको काय? आमच्या गांवीं तें अगदीं उलटें चालतें. ज्यास शिकविलें त्यास माफी, ज्यास शिकूं दिलें नाहीं त्यास चौकी.

मग करावें काय? दारिद्र्य संपेपर्यंत थांबा, असें म्हणणें म्हणजे कांहींच न करणें होय. आमच्यापुढें भाऊराव पाटील यांचें उदाहरण आहे. त्यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. तेथें सर्व जातींचीं मुलें, अस्पृश्य मानलेलींसुद्धां, एकत्र राहिलीं, एकत्र जेवलीं, आणि अंगमेहनत करून शिकलीं. "कमवा आणि शिका" ही पुढें त्या संस्थेची ओळखच झाली. त्या मुलांच्या घरीं आमच्या खानावळींतल्या पोराच्या घरापेक्षां अधिक दाणे होते असें नव्हे. त्यांस दोन गोष्टी मिळाल्या, ज्या त्या पोरास मिळाल्या नाहींत: केलेल्या कामाचा मोबदला, आणि उद्यांचा दिवस.

म्हणून आमच्या सूचना लहान आहेत, आणि त्या कोणत्याही कॉलेजच्या गांवास आपल्याच खर्चानें अमलांत आणतां येतील. खानावळींत व वसतिगृहांत राबणाऱ्यांस दहा महिन्यांचें नव्हे, बारा महिन्यांचें वेतन धरून विद्यार्थ्यांचें शुल्क ठरवावें. सुटींतली भूक ही कॉलेजच्या पंचांगानें निर्माण केली आहे, ती कॉलेजनेंच भागवावी. अडल्या वेळीं आगाऊ पैसे मागण्याचा मार्ग खुला ठेवावा, म्हणजे मागणें हाच वहिमास आधार होणार नाहीं. त्याच पोरांसाठीं रात्रीच्या वर्गाचें दार उघडावें. आणि नियम एकच असावा. विद्यार्थ्याची पहिली चूक जर समज देऊन व वस्तु परत घेऊन मिटत असेल, तर वाढप्याची पहिली चूकही तशीच मिटावी. आणि वाढप्यास चौकी दाखवावयाची असेल तर विद्यार्थ्यासही दाखवावी. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें यास वाटही करून दिली आहे. पहिल्यानेंच दोषी ठरलेल्या मनुष्यानें ५००० रुपयांहून कमी किंमतीची चोरी केली असेल व ती वस्तु किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्यास तुरुंगाऐवजीं समाजसेवेची शिक्षा द्यावी, असें ती सांगते. जें आजवर शिक्षितांच्या मुलांस प्राचार्यांच्या खोलींत मिळत असे, तें आतां कायदा सर्वांस देऊं पाहतो. कायदा येथवर आला. गांवानें मागें राहूं नये.

आतां ती राहिलेली गोष्ट. सायकल सांपडल्यावर कांहीं दिवसांनीं त्या पोराची आई आमच्याकडे आली. ती बरी झालेली दिसत नव्हती. पायरीवर बसूनच बोलली. तिनें पैसे मागितले नाहींत, मुलास कामावर घ्या असेंही म्हटलें नाहीं. "साहेब, माझ्या पोरानं कांहीं नेलं नव्हतं, एवढं एका कागदावर लिहून द्या. दुसऱ्या गांवीं काम मागायला गेला तर दाखवील," असें ती म्हणाली. आम्हीं तिची समजूत घातली कीं, त्याच्यावर गुन्हा नोंदलाच गेला नाहीं, मग निर्दोष असल्याचा दाखला कसला द्यावयाचा? तसा कागद देण्याची पद्धत नाहीं. हें उत्तर कायद्याप्रमाणें बिनचूक होतें. तिला तें कळलें नाहीं, किंवा फार चांगलें कळलें असेल. ती उठून गेली, आणि पावसाळ्यापूर्वीं तें कुटुंब गांव सोडून गेलें असें आमच्या कानांवर आलें.

ज्या हातांनीं विद्यार्थ्याकडून माफीचा कागद घेऊन कपाटांत ठेवला, त्या हातांस चार ओळींचा दुसरा कागद लिहिणें कठीण नव्हतें. दारिद्र्यामुळें गुन्हे होतात काय, या प्रश्नावर आम्हीं पुष्कळ वाचलें आहे व वर पुष्कळ लिहिलें आहे. पण तो प्रश्न आमच्या दाराशीं येऊन पायरीवर बसला, त्या दिवशीं आम्हीं त्यास उत्तर दिलें नाहीं. तो कागद देणें आमच्याकडे अद्याप आहे.